थॉमस जेफर्सन

ज्ञातीच्या स्मरणिकेत परदेशी पुरुषाचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या पंथात आपला जन्म झाला त्याचाच राजमान्य अधिकार काढून घ्यावयास हा पुरुष झटला, म्हणून आपल्या कुटुंबांतून त्याची ओळख असावी असे वाटते.

जेफर्सन यांचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियातील एका सधन जमीनदार घराण्यात झाला. त्या वसाहतीत अँग्लिकन पंथास राजाश्रय होता. त्याच्या पाद्र्यांच्या वेतनासाठी अन्यपंथीयांनाही कर भरावा लागे, आणि परवान्यावाचून प्रवचन करणाऱ्या कित्येक बॅप्टिस्ट उपदेशकांना कारावास घडला.

१७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा मसुदा तयार केला. तो विधिमंडळात वर्षानुवर्षे रखडला. १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी सर्वच ख्रिस्ती पंथांच्या उपदेशकांसाठी कर बसवावा अशी गोड तडजोड पुढे आणली. जेफर्सन तेव्हा पॅरिसला गेलेले. ती परतवून लावण्याचे श्रेय त्यांचे स्नेही जेम्स मॅडिसन यांचे. अखेर जानेवारी १७८६ मध्ये मूळ कायदा थोड्या काटछाटीनिशी संमत झाला. कोणावर उपासनेची सक्ती नाही, आणि श्रद्धेपायी कोणाचे नागरी हक्क वाढणार नाहीत की घटणार नाहीत, हे त्याचे सार.

१८०० च्या निवडणुकीत प्रतिपक्षाने त्यांस नास्तिक ठरविले. त्यांनी आपल्या श्रद्धेची जाहीर ग्वाही देण्याचे टाळले व तरीही ते निवडून आले. उपवासाचे वा ईशस्तवनाचे दिवस पाळण्याचे फर्मान वॉशिंग्टन व ॲडम्स यांनी काढले होते. जेफर्सन यांनी ते आठ वर्षांत एकदाही काढले नाही. मात्र काँग्रेसच्या सभागृहात भरणाऱ्या रविवारच्या प्रार्थनेस ते स्वतः जात. ह्यात कित्येकांस विसंगती दिसते. आम्हांस दिसत नाही. जाणे हा व्यक्तीचा प्रश्न होता, फर्मान हा राज्याचा.

खरी विसंगती अन्यत्र होती. मनुष्याच्या अंतःकरणावर कोणाची सत्ता नको म्हणणाऱ्या ह्या पुरुषाच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेंहून अधिक गुलाम होते, आणि त्यांतील मोजक्यांनाच त्यांनी मुक्त केले.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्षदिनी, माँटिचेलो येथे ते निवर्तले. समाधीवरील मजकूर त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात जाहीरनामा, हा कायदा आणि व्हर्जिनियाचे विद्यापीठ एवढ्यांचाच उल्लेख आहे, अध्यक्षपदाचा नाही.