अफलातूनचा शागीर्द

जेवण झकास झाले की आपण सहज म्हणतो, अफलातून! हा शब्द म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेले नाव. त्याच्या सर्वांत मोठ्या शागीर्दाला मात्र मराठीने असा मान दिला नाही. हा शागीर्द म्हणजे उर्दूतला अरस्तू, कॉलेजच्या पुस्तकातला ॲरिस्टॉटल.

इ.स.पू. ३८४ मध्ये उत्तर ग्रीसमधील स्टॅगिरा येथे त्याचा जन्म झाला. वडील निकोमाकस मॅसेडोनियाच्या राजाचे वैद्य. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले. सतराव्या वर्षी तो अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षे तिथेच रमला. त्या शहरात बोलणाऱ्याची चलती होती. सभा असो वा न्यायालय, वाद जिंकायचे डावपेच पैसे घेऊन शिकवले जात. वाद जिंकला म्हणून तो बरोबर ठरतो का, हे ओळखायचे कसे?

अरस्तूने बोलणारा आणि विषय दोन्ही बाजूला सारून विधानांचा नुसता साचा पाहिला. शब्दांच्या जागी अक्षरे ठेवली. प्रत्येक ब हा अ असेल आणि प्रत्येक क हा ब असेल, तर प्रत्येक क हा अ असलाच पाहिजे. मग क म्हणजे घोडे असोत की माणसे. 'सर्व' आणि 'काही' यांतला फरक त्याने काटेकोर पाळला. अमुक गल्लीतले काही जण तसे निघाले, म्हणून सगळी गल्लीच तशी, हे अनुमान त्याच्या तराजूत टिकत नाही. आपल्या चौकाचौकांत ते रोज खपते, ही गोष्ट वेगळी. पावसाचे उदाहरण तर त्याचे स्वतःचेच आहे. पावसाने जमीन ओली होते, पण ओली जमीन दिसली म्हणून पाऊस झालाच असे नाही. निलंग्यात टँकरही सांडून गेलेला असू शकतो!

भारतात न्यायदर्शनाने अनुमानाची पाच अवयवांची स्वतःची रीत घडवली. ग्रीसमध्ये मात्र या विषयावर आपल्याआधी काहीच तयार नव्हते, असे अरस्तूने लिहून ठेवले आहे आणि उणिवांबद्दल वाचकांकडे क्षमाही मागितली आहे.

इ.स.पू. ३४३ च्या सुमारास तो सिकंदराचा शिक्षक झाला. ३३५ मध्ये अथेन्सला परतून त्याने लायसिअम ही शाळा काढली. ३२३ मध्ये सिकंदर वारला, मॅसेडोनियाविरुद्ध संताप उसळला आणि अरस्तूवर देवधर्माच्या अवमानाचा आरोप आला. तो खाल्किस गावी निघून गेला व पुढच्याच वर्षी, बासष्टाव्या वर्षी, तिथेच वारला. मृत्युपत्रात त्याने काही गुलामांना मुक्त करायला सांगितले. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे मांडणाराही तोच. साचा कितीही निर्दोष असला तरी मूळ विधानच चुकले की काय होते, ते इथे दिसते.

शतकांनंतर बगदादमध्ये त्याची पुस्तके अरबीत आली. तर्कशास्त्राला नाव पडले मंतिक. अरस्तू 'पहिला गुरू' ठरला आणि इ.स. ९५० मध्ये वारलेले अल-फाराबी 'दुसरे गुरू'. फाराबींना मंतिक शिकवणारे युहन्ना इब्न हैलान ख्रिस्ती होते, त्यांच्याकडे शिकलेले याह्या इब्न अदीही ख्रिस्तीच. पुढे हा विषय हिंदुस्थानातल्या मदरशांच्या अभ्यासक्रमात आला. तिथे अरस्तूच्या दोन विधानांना सुग्रा आणि कुब्रा म्हणतात. त्यांतून जे निघते, तो नतीजा.