लक्ष्मीबाई टिळक

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आपल्याला चटकन दिसते. परंतु स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही. ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते आणि येशू ख्रिस्ताच्या उपदेशातही हाच दृष्टान्त आहे. स्वतःच्या डोळ्यातील मुसळ पाहण्याचे धैर्य लक्ष्मीबाई टिळकांनी दाखविले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. त्यांचे वडील अतिशय सोवळे पाळणारे होते. बाजारातून आणलेले जिन्नसही धुतल्यावाचून त्यांना चालत नसत. वयाच्या अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळक यांच्याशी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. टिळक मोठे विद्वान, पण तितकेच तापट. त्यांची बोलणी ऐकत आणि आपल्या चुका सुधारीत लक्ष्मीबाई लिहावाचावयास शिकल्या.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढली. लोक टिळकांना नावे ठेवीत. ते बोल त्यांच्या जिव्हारी लागत. पुढे त्या अहमदनगरला पतीकडे आल्या. तेथेही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. तथापि एके दिवशी त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला, की जातिभेद देवाने केला की माणसाने? विचार करता करता त्यांना उत्तर मिळाले. ज्याचा जन्मभर अभिमान बाळगला, तीच आपली चूक होती, हे त्यांनी मान्य केले. मग त्या सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे किती तरी पोरक्या मुलांना, त्यांची जात न विचारता, त्यांच्या घरात आईची माया मिळाली.

१९१९ साली टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. एके काळी अक्षरओळखही नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरे केले. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यात पतीचा तापटपणा त्यांनी लपविला नाही. पण स्वतःचा हट्ट, अज्ञान आणि फजिती याही त्यांनी हसत हसत सांगितल्या.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी जगाचा निरोप घेतला. आपले दोष जगापुढे मांडल्याने त्या लहान ठरल्या नाहीत. उलट त्यामुळेच त्या वाचकांना आपल्या वाटल्या.