बंदुकीच्या मुलुखात पायी गेलेले विनोबा

आमच्या गोंदिया जिल्ह्यात ‘नक्षल’ हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक आहे. सौंदड हमरस्त्यावरचं गाव, पण पूर्वेला देवरीकडे निघालं की जंगल लागतं, आणि त्या भागाने दलम, चकमक हे शब्द वर्षानुवर्षं ऐकलेत. बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ताई, अहिंसा पुस्तकात बरी, गरिबाचं कुणी ऐकतं तरी का? अशा वेळी मला विनोबा आठवतात. कारण हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला. आई रुक्मिणीबाई फार शिकलेली नव्हती, पण मुलावर खरा संस्कार तिचाच. तिला संस्कृत गीता समजत नसे, म्हणून पुढे विनोबांनी सोप्या मराठीत ‘गीताई’ लिहिली. ती पुरी झाली तेव्हा आई मात्र या जगात नव्हती.

१९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला हा मुलगा मध्येच सुरतला उतरला आणि काशीला गेला. मनात दोन ओढी होत्या. एक हिमालयाची, दुसरी बंगालच्या क्रांतिकारकांची. म्हणजे बॉम्ब-पिस्तुलाचा रस्ता त्यांनाही खुणावत होताच की! पण काशीत गांधीजींचं भाषण त्यांच्या वाचनात आलं, पत्रव्यवहार झाला आणि त्याच वर्षी ते अहमदाबादच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ पासून वर्धा हीच त्यांची कर्मभूमी. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनाच निवडलं.

खरी कसोटी लागली ती १९५१ मध्ये. तेलंगणात वेठबिगारी आणि जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढा सुरू होता. एका बाजूला बंदुकधारी दलं, दुसऱ्या बाजूला पोलीस आणि लष्कर, मध्ये गावकरी. पंचावन्न वर्षांचे विनोबा वर्ध्याहून पायीच हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला गेले. तिथून पुढे याच अशांत भागात शिरले, तेही पोलीस संरक्षण न घेता. त्याआधी तुरुंगातल्या कम्युनिस्टांनाही ते भेटले. त्यांचा मार्ग पटला नाही, पण त्यांचा प्रश्न खरा आहे हे विनोबांनी मानलं.

१८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी तिथेच गावापुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उभ्या उभ्या शंभर एकर देऊ केली. भूदान सुरू झालं ते असं. पुढे तेरा वर्षं हा माणूस देशभर चालत राहिला आणि चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीचं दान मिळालं. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली.

मैत्रिणींनो, दुसरी बाजूही सांगायला हवी. जमीनदारांनी जमीन दिली ती कम्युनिस्टांच्या धाकाने, असं टीकाकार म्हणतात. तेलंगणात तसं थोडंफार असेलही. पण सर्वांत जास्त जमीन मिळाली बिहारमध्ये, जिथे तसा सशस्त्र लढा नव्हता. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये कम्युनिस्टांनी लढा मागे घेतला, त्याचंही सगळं श्रेय विनोबांना देता येत नाही. त्यामागे लष्करी कारवाई होती आणि पक्षाचा स्वतःचा निर्णयही होता. शिवाय दानातली पुष्कळ जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली. बरीचशी वाटलीच गेली नाही.

मग अहिंसा हरली का? मला तसं वाटत नाही. हरलं ते आपलं नंतरचं काम. दान द्यायला लावणं विनोबांनी केलं. मोजणी, फेरफार, सातबारा हे इतरांनी करायचं होतं. बंदुकीने तरी काय साधलं? ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या गडचिरोलीत भूपती हा मूळचा तेलंगणाचाच माओवादी नेता साठ साथीदारांसह शरण आला. चार दशकं जंगलात काढून. दोन्हीकडच्या किती आयांच्या कुशी या काळात रिकाम्या झाल्या! आणि जमिनीचा, जंगलाचा प्रश्न सुटला का?

१५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला अन्नपाणी सोडून विनोबांनी देह ठेवला. १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी उभारलेलं ब्रह्मविद्या मंदिर तिथेच आहे.

बंदूक खाली ठेवली म्हणजे काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. गावात कुणाचा वनहक्काचा पट्टा अडला असेल, धुऱ्यावरून दोन घरांत काठ्या निघत असतील, तर चार बायकांनी मिळून ग्रामसभेत बोलावं, तहसीलच्या चकरा माराव्यात. काम कंटाळवाणं आहे, फोटोही छापून येत नाही. पण ज्या गावात गरिबाचं ऐकलं जातं, तिथल्या पोराला जंगलाची वाट धरावी लागत नाही.