इतिवृत्तातला डार्विन

शताब्दी साजरी करणाऱ्या वाचनालयाच्या कपाटांत ग्रंथांखेरीज आणखी एक संपदा असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे सभांची इतिवृत्ते. कोण सभासद झाले, कोणी काय वाचले, कोणत्या ठरावावर मतभेद झाला, याच्या त्या साध्या नोंदी. अशा दप्तराचे मोल काय, असा प्रश्न कोणी विचारला, की मला एडिंबरो विद्यापीठातील एका विद्यार्थी-मंडळाची वही आठवते. मी मराठीचा अध्यापक. जीवशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु या वहीमुळे चार्ल्स डार्विन या थोर पुरुषाच्या चरित्राचे एक पान उजळून निघाले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी गावी झाला. आजोबा इरॅस्मस डार्विन नामांकित वैद्य आणि कवी; वडील रॉबर्ट हेही प्रतिष्ठित डॉक्टर. आई तो आठ वर्षांचा असतानाच निवर्तली. मुलाने घराण्याचा व्यवसाय पुढे चालवावा या इच्छेने वडिलांनी 1825 मध्ये त्याला थोरल्या भावासोबत एडिंबरोला वैद्यकीच्या अभ्यासासाठी पाठविले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. एका लहान मुलावरील शस्त्रक्रिया अर्धवट पाहूनच चार्ल्स बाहेर पडला, तो पुन्हा त्या दालनात गेला नाही. वर्गातील व्याख्यानेही त्याला नीरस वाटत. मात्र गयानातून आलेल्या जॉन एडमन्स्टन या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय गृहस्थाकडून तो पक्षी पेंढा भरून जतन करण्याची विद्या आवडीने शिकला.

दुसऱ्या वर्षी भाऊ सोबत नव्हता. त्या एकाकी दिवसांत त्याला प्लिनियन सोसायटी भेटली. 1823 मध्ये स्थापन झालेले हे विद्यार्थ्यांचे निसर्गविज्ञान मंडळ प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या नावाने ओळखले जाई. विद्यापीठातील एका तळघरात मंगळवारी सायंकाळी सभा भरत. विद्यार्थी निबंध वाचीत, नमुने दाखवीत आणि हिरिरीने वाद घालीत. 28 नोव्हेंबर 1826 रोजी डार्विन सभासद झाला आणि आठवडाभरात, 5 डिसेंबरला, कार्यकारिणीवरही निवडला गेला. त्याचे वय तेव्हा अवघे सतरा होते.

रॉबर्ट ग्रँट हा प्राणिशास्त्रज्ञ या मंडळातील वडीलधारा स्नेही. त्याच्यासमवेत डार्विन फोर्थच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी जीव गोळा करीत हिंडे. साध्याशा सूक्ष्मदर्शकातून पाहताना त्याला दोन गोष्टी आढळल्या. फ्लस्ट्रा नावाच्या वसाहत करून राहणाऱ्या समुद्रजीवाची जी अंडी समजली जात, ती स्वतः हालचाल करीत होती. तसेच एका समुद्रशैवालाचे बाल्यरूप म्हणून समजले जाणारे काळे गोळे वस्तुतः पाकट जातीच्या माशांना चिकटणाऱ्या एका जळवेची अंडकोशे होती. शोध लहान होते. पण स्वतःच्या डोळ्यांनी लावलेले होते.

या आनंदाला गालबोटही लागले. फ्लस्ट्राचे निरीक्षण आपण ग्रँटला सांगितले, तेव्हा हा विषय आपला आहे असे त्याने सुनावले, अशी आठवण डार्विनने पुढे आपल्या मुलीला सांगितली. 24 मार्च 1827 रोजी ग्रँटने वर्नेरियन सोसायटीपुढे ही माहिती मांडलीही. जळवेच्या अंडकोशांवरील लेखात मात्र त्याने या तरुण मित्राचा कृतज्ञ उल्लेख केला. अवघ्या तीन दिवसांनी, 27 मार्चला, डार्विनने प्लिनियन सोसायटीत आपले दोन्ही शोध निवेदन केले. विज्ञानक्षेत्रातील त्याचे हे पहिलेच निवेदन.

त्याच सभेत विल्यम ब्राउन या विद्यार्थ्याने निबंध वाचला. मन हे शरीराहून वेगळे तत्त्व नसून जडद्रव्याशीच बांधलेले आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. आत्म्याविषयीच्या धर्ममताला धक्का देणारा हा विचार ऐकून सभेत खडाजंगी झाली. चिटणिसाने रीतसर नोंद केली. परंतु नंतर ती खोडण्यात आली. इतकेच नव्हे, तर असा निबंध वाचला जाणार असल्याची आधीच्या सभेतील नोंदही खोडली गेली. सुदैवाने रेघांखालची अक्षरे वाचता येतात. हाच ब्राउन पुढे मनोरुग्णांना माणुसकीने वागविणारा स्कॉटलंडमधील अग्रणी वैद्य ठरला.

एप्रिल 1827 मध्ये डार्विनने एडिंबरो सोडले. त्याचे पुढील चरित्र सर्वश्रुत आहे. केंब्रिजला प्राध्यापक हेन्स्लो यांचा सहवास लाभला आणि 27 डिसेंबर 1831 रोजी बीगल जहाजावरून प्रवास सुरू झाला. जहाजावर चारशेच्या आसपास ग्रंथांचे वाचनालय होते व ते डार्विनच्याच खोलीत होते, ही गोष्ट आपणा वाचनालयप्रेमींनी विसरू नये. 1836 मध्ये तो परतला. 1837 पासून त्याने जीवजातींच्या परिवर्तनावर वह्या लिहिल्या. मन आणि मेंदू यांच्या नात्याचा प्रश्नही त्यांत येतो. मात्र हे विचार त्याने जवळजवळ वीस वर्षे जगापुढे ठेवले नाहीत. 1844 मध्ये निबंध लिहून, आपला मृत्यू झाल्यास तो प्रसिद्ध करावा, असे पत्र पत्नी एमासाठी लिहून ठेवले. पुराव्यांची जुळवाजुळव हे विलंबाचे एक कारण होतेच. पण लोकविरुद्ध विचारावर कशी रेघ ओढली जाते, हे ज्या मंडळात घडले त्याचा तो सभासद होता, हेही मला दुर्लक्षिण्याजोगे वाटत नाही. अखेर वॉलेसच्या पत्रानंतर 1 जुलै 1858 रोजी दोघांचे लेखन लिनियन सोसायटीत वाचले गेले आणि 24 नोव्हेंबर 1859 रोजी जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. 19 एप्रिल 1882 रोजी डार्विनचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला चिरविश्रांती मिळाली.

आता पुन्हा त्या वहीकडे वळू. सदुसष्टाव्या वर्षी कुटुंबीयांसाठी आत्मवृत्त लिहिताना डार्विनने आपले ते पहिले निवेदन 1826 च्या आरंभीचे असल्याचे नमूद केले. वही सांगते, मार्च 1827. एवढ्या काटेकोर निरीक्षकाच्या स्मृतीलाही एका विद्यार्थी-चिटणिसाची नोंद दुरुस्त करते! प्लिनियन सोसायटी 1841 च्या सुमारास मावळली. तिची इतिवृत्ते मात्र एडिंबरो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सांभाळली.

सांभाळणे सोपे नसते. 1837 च्या सुमाराच्या, जीववृक्षाची प्रसिद्ध आकृती असलेल्या वहीसह डार्विनच्या दोन वह्या केंब्रिजच्या ग्रंथालयातून नाहीशा झाल्याचे 2001 मध्ये ध्यानात आले. मार्च 2022 मध्ये कोणी अज्ञाताने त्या एका गुलाबी पिशवीत घालून ग्रंथपालांच्या दालनाबाहेर आणून ठेवल्या. असे भाग्य प्रत्येक दप्तराच्या वाट्याला येत नाही.

म्हणून या शताब्दीप्रसंगी सभासद व आश्रयदात्यांपुढे एक विनंती ठेवावीशी वाटते. सजावटीच्या आणि समारंभाच्या खर्चातून थोडी रक्कम जुन्या इतिवृत्तांच्या बांधणीसाठी काढून ठेवावी. वाळवीपासून आणि रद्दीवाल्यापासून त्यांचे रक्षण करावे. त्यांत भांडणे असतील, बारगळलेले ठराव असतील, खोडलेल्या ओळीही असतील. त्या जशा आहेत तशाच राहू द्याव्यात. आपल्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वी सतरा वर्षांचा कोणी सभासद काय बोलला, हे पुढच्या पिढीला त्यांतूनच समजणार आहे.