शून्य उत्तराचा माणूस

मी कॉन्व्हेंटवाली, शुद्धलेखन सांभाळून घ्या!

भोसरीत पप्पांच्या वर्कशॉपमध्ये मिनी-प्रोजेक्टसाठी मी पितळेचा आणि एमएसचा गोळा सारख्या दोरीला टांगून झोके मोजले. फरक शून्य. ग्रुपचं मत पडलं, शून्याचा काय ग्राफ काढणार? थोडं रीडिंग बदलू.

तेव्हा लोरांड एटव्हश भेटला, पुस्तकात. जन्म 1848, बुडा. वडील लेखक आणि मंत्री. पोरगा आधी लॉला गेला, मन रमेना, मग हायडेलबर्गला जाऊन फिजिक्स शिकला. स्वतःही 1894 मध्ये मंत्री झाला, पण काही महिन्यांत परत लॅबमध्ये! गिर्यारोहणाचं वेड इतकं की डोलोमाइट्समधल्या एका शिखराला त्याचं नाव आहे.

त्याचं यंत्र म्हणजे बारीक तारेला टांगलेली आडवी दांडी, दोन टोकांना दोन वेगळे पदार्थ. पृथ्वीची ओढ आणि तिच्या फिरण्यामुळे बाहेर ढकलणारा जोर, यांचं प्रमाण पदार्थागणिक बदललं तर तार पिळणार. तांबं, लाकूड, पाणी, चरबीसुद्धा तपासली. तार काही पिळेना. 1889 मध्ये 2 कोटींत 1 भागाइतकाही फरक नव्हता. तरी गडी पुढची वीस वर्षं यंत्र सुधारत राहिला. 1909 मध्ये याच कामाला ग्योटिंगेनचं बक्षीस मिळालं. सविस्तर पेपर छापला 1922 मध्ये. तो 1919 लाच गेला होता.

2020 मध्ये स्टॅनफर्डला 10 मीटरच्या टॉवरमध्ये रुबिडियमचे दोन प्रकारचे अणू सोडले, लेसरने त्यांच्या लहरी विभागून पुन्हा जुळवल्या. लाख कोटींत 1 इतक्या बारकाईने पाहिलं. तिथेही शून्यच.

माझ्या जर्नलमधलं शून्य अजून खोडलेलं नाही. सबमिशन सोमवारी आहे.