मातेओ रिच्ची : चिनी अक्षरांचा विद्यार्थी

लिपी परकी असली, की विद्वान माणूसही घटकाभर निरक्षर होतो. इटलीतील माचेराता या गावी १५५२ साली जन्मलेल्या मातेओ रिच्चीवर ऐन तिशीत हा प्रसंग आला. रोममध्ये गणिताचे अध्ययन केलेला हा तरुण जेझुइट धर्मप्रसारक १५७८ मध्ये आपल्या गोव्यास उतरला, आणि १५८२ मध्ये मकावला पोहोचून चिनी शिकू लागला.

तेथे बाराखडी नव्हती. हजारो चिन्हे होती, आणि ती एकेक करून ओळखायची. ओळी वरून खाली उतरत व उजवीकडून डावीकडे सरकत. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसे. शब्द कोठे संपला, हे वाचणाऱ्यानेच ताडायचे. चिनी मुलाची नजर बालपणीच या वळणांना सरावते. मोठेपणी शिकणाऱ्याला मात्र प्रथम दिसतो तो नुसता रेघांचा गुंता!

रोममध्ये शिकलेली स्मरणविद्या रिच्चीच्या कामी आली. चिन्हाचे भाग पाडावेत, भागांचे चित्र करावे आणि ते मनातल्या वाड्यात ठरलेल्या जागी ठेवावे, अशी ही रीत. युद्धवाचक चिन्हात भाला आणि थांबविणे असे दोन भाग आहेत. त्यावरून त्याने दोन योद्धे कल्पिले : एक भाला उगारतो, दुसरा त्याचे मनगट धरून त्याला अडवितो. हे चित्र एकदा मनात ठसले, की चिन्ह विसरणे कठीण.

१५९५ मध्ये नानछांग येथे त्याने एकदाच वाचलेली असंबद्ध चिन्हे क्रमाने व उलट क्रमानेही म्हणून दाखविली. विद्वान थक्क झाले. पुढच्याच वर्षी प्रांताधिकाऱ्याच्या मुलांसाठी, ती सरकारी परीक्षांची तयारी करीत असल्याने, त्याने या विद्येवर चिनीत पुस्तक लिहिले. थोरल्या मुलाचा अभिप्राय मार्मिक होता : नियम खरे आहेत, पण ते वापरायलाच उत्तम स्मरणशक्ती लागते!

त्या मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. स्वतः रिच्चीनेही केवळ युक्तीवर भिस्त ठेवली नाही. चाळिशी उलटल्यावर शिक्षक ठेवून तो चिनी लेखनाचे धडे गिरवीत होता. त्या कष्टांच्या बळावरच त्याने श्यू ग्वांगछी या चिनी पंडिताबरोबर युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड चिनीत आणले. ते १६०७ मध्ये प्रसिद्ध झाले. १६१० मध्ये पेकिंग येथे तो निवर्तला, तेव्हा सम्राटाने त्याच्या दफनासाठी जागा दिली.

मित्रहो, घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या आमच्यासारख्यांना इंग्रजी पुस्तकाचे पान असेच गुंत्यासारखे भासते. अशा वेळी आपल्याला बुद्धीच नाही, असे समजून पुस्तक मिटू नये. नजरेलाही शिकावे लागते, आणि तिला वेळ द्यावा लागतो, हेच रिच्चीचे चरित्र सांगते.