टिळकांवर राजद्रोहाचे खटले झाले, पण निकाल ज्युरीच्या खुर्च्यांवर कोण बसलंय यावरच ठरला होता का?

अमेरिकेतल्या एखाद्या बड्या नेत्यावर खटला भरला की बातम्यांमध्ये 'ग्रँड ज्युरी' हा शब्द ऐकू येतो. ग्रँड ज्युरी म्हणजे सामान्य नागरिकांचा गट. आरोपी दोषी आहे की नाही हे तो ठरवत नाही, खटला चालवण्याइतका पुरावा आहे का एवढंच तो तपासतो. त्यानंतर छोटी ज्युरी दोषी की निर्दोष ते सांगते.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये इंग्रजांनी ग्रँड ज्युरी आणली होती. पण १८६५ मध्ये ती बंद झाली. छोटी ज्युरी मात्र राहिली. राजद्रोहाचा खटला भरायचा असेल तर सरकारची परवानगी लागायची. म्हणजे ज्या सरकारवर टीका झाली, तेच सरकार खटला भरायचा की नाही हे ठरवणार. या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा फटका ज्यांना बसला, ते म्हणजे बाळ गंगाधर टिळक.

केसरी आणि पहिला तुरुंगवास

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर दोघेही मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले.

१८९७ : सहा विरुद्ध तीन

पुण्यात प्लेगची साथ होती. बंदोबस्ताच्या नावाखाली सोल्जर घरात घुसत होते, त्यामुळे लोक चिडले होते. १५ जून १८९७ च्या केसरीत शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आला, त्यात अफझलखानाच्या वधावरची चर्चा होती. २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली.

टिळकांचा त्या हत्येशी संबंध सिद्ध करता येत नव्हता. त्यामुळे कलम १२४-अ लावलं गेलं. २७ जुलैला अटक झाली, जामीन आधी नाकारला गेला आणि शेवटी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला.

सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर खटला चालला. सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, असा कलमाचा अर्थ त्यांनी ज्युरीला सांगितला. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते. सहाही युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिन्ही भारतीयांनी निर्दोष.

हायकोर्टातल्या नियमानुसार नऊपैकी सहा जणांचं एकमत आणि न्यायाधीशाची सहमती पुरेशी होती. म्हणजे युरोपियन नेमके हवे तेवढेच होते. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅक्स म्युलर यांच्यासारख्या विद्वानांनी केलेल्या विनंतीनंतर सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले. त्याच वर्षी सरकारने कलम १२४-अ आणखी कडक केलं.

१९०८ : मराठी लेख, मराठी न येणारी ज्युरी

भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्याच प्रांतातल्या नागपुरात १९०७ चं काँग्रेस अधिवेशन होणार होतं. पण तिथे टिळकांच्या गटाचा जोर असल्याने ते सुरतेला हलवलं गेलं आणि तिथे काँग्रेस फुटली. एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. टिळकांनी केसरीत लिहिलं की दडपशाहीमुळे अशा घटना घडतात, त्यावर उपाय स्वराज्याचा आहे. २४ जूनला त्यांना अटक झाली.

खटल्याचे न्यायाधीश होते दिनशॉ दावर. १८९७ मध्ये याच दावरांनी वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. आता टिळकांसाठी जामीन मागितला मोहम्मद अली जिनांनी, आणि दावरांनी तो नाकारला.

खास ज्युरी निवडली गेली : सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत होते आणि युरोपियन सदस्य ते इंग्रजी भाषांतरातून वाचत होते. घरझडतीत सापडलेलं एक पोस्टकार्डही पुरावा म्हणून आलं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं होती. नव्या स्फोटक कायद्यावर लिहिण्यासाठी ती टिपली, असं टिळकांचं म्हणणं होतं.

टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. एकूण २१ तासांहून जास्त वेळ ते बोलले. भाषांतरात शब्दांची धार कशी बदलते, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. २२ जुलैच्या रात्री निकाल आला, सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि १,००० रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांचा ५२ वा वाढदिवस होता.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. टिळकांना मंडालेला पाठवलं गेलं. तिथे त्यांनी गीतारहस्य लिहिलं. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमी त्यांना तुरुंगातच कळली. जून १९१४ मध्ये ते सुटले.

१९१६ : ज्युरी नाही, सुटका झाली

होमरूलच्या भाषणांवरून ६० व्या वाढदिवशी त्यांना नोटीस आली. मॅजिस्ट्रेटने चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. यावेळी जिनांनी बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. या प्रकरणात ज्युरी नव्हती. भाषणं एकत्रितपणे वाचून अर्थ लावण्याचं काम न्यायाधीशांनी केलं.

पुढे काय झालं?

१ ऑगस्ट १९२० ला टिळकांचं मुंबईत निधन झालं. नानावटी खटल्यानंतर भारतातली ज्युरी हळूहळू संपली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. कलम १२४-अ २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगित केलं. नव्या न्याय संहितेत त्याच्या जागी वेगळ्या शब्दांत कलम १५२ आलं. अशा गुन्ह्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची अट मात्र आजही आहे.

ही परवानगी आरोपीच्या बचावासाठी आहे असं कायदा मानतो. टिळकांच्या बाबतीत तिने कुणाला वाचवलं नाही, कारण परवानगी देणारा आणि तक्रार करणारा एकच होता.